रोजच्या थार-जिमनीला लिफ्ट किट: काय आधी ठरवायचं, काय शेवटी

"दोन इंच घेऊ की तीन?" असं कुणी लिफ्ट किटबद्दल, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाबद्दल, विचारलं की मी उलट विचारतो, "गाडीचं वजन किती?" उत्तरात आरसीवरचा आकडा येतो. तो आकडा शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीचा असतो. नंतर चढवलेला कॅरिअर, पोलादी बंपर, मागे कायमचा पडून असलेला टूलबॉक्स त्यात कुठेच धरलेला नसतो. स्प्रिंगला मात्र हे सगळं उचलावं लागतं.

बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. माणूस आधी उंची ठरवतो, मग त्या उंचीचं किट शोधतो, बसवतो, आणि पुढचे सहा महिने स्टीअरिंग का भटकतं, मागच्या सीटवर का आदळतं, टायर आतल्या कडेने का झिजतो हे शोधत बसतो. क्रम नेमका उलटा हवा. वजन आधी, मग टायर, मग स्प्रिंग-शॉकअप, आणि उंची या हिशेबातून जी निघेल ती.

खाली जे लिहिलंय ते सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाणाऱ्या आणि शनिवार-रविवार ताम्हिणी, मुळशी, भोरच्या कच्च्या रस्त्यांवर उतरणाऱ्या गाडीसाठी आहे. स्पर्धेच्या गाडीचं गणित वेगळं. उदाहरणं दोन गाड्यांची: २०२० नंतरची थार आणि पाच-दारी जिमनी. दोघींचं पुढचं सस्पेन्शन मुळातच वेगळं आहे, त्यामुळे एकीला लागू पडणारा सल्ला दुसरीला बाधतो.

टप्पा १: वजनकाट्यावर जा

वाळू-सिमेंटचे ट्रक जिथे मोजतात तो काटा चालतो. दुपारी गर्दी कमी असते. टाकी भरून जा. रोज गाडीत जे असतं तेवढंच ठेवा, काट्यासाठी गाडी रिकामी करू नका.

तीन आकडे घ्यायचे: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. हे काटे मोठ्या गाड्यांसाठी असतात, पाच-दहा किलो इकडेतिकडे होणारच. त्यावर वाद घालू नका, काटेवाला तसाही तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत असतो.

मग कागदावर दोन रकाने करा. एकात कायमचं वजन, म्हणजे गाडीतून कधीच न उतरणारं: बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र, पोलादी दोरासकट सहज पस्तीस-चाळीस किलो), कॅरिअर, स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा). दुसऱ्यात कधीमधी येणारं: माणसं, तंबू, पाण्याचे कॅन. स्प्रिंग पहिल्या रकान्यावर निवडायची असते. वर्षातून दोनदा होणाऱ्या स्पिती-लडाखच्या बेतावर स्प्रिंग घेतलीत, तर उरलेले पन्नास आठवडे ती तुमच्या पाठीवर बसते.

इशारा: किट बसवल्याने गाडीला परवानगी असलेलं एकूण वजन वाढत नाही. पाच-दारी जिमनीचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास, आणि भरून एकूण मर्यादा १५४५ किलो. म्हणजे हातात उरले साडेतीनशेच्याही आत. सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. उरलेल्या पन्नास-साठ किलोंत विंच, बंपर आणि कॅरिअर कसे बसवणार? "हेवी ड्युटी" स्प्रिंगने गाडी खाली बसलेली दिसणार नाही इतकंच. ब्रेक, एक्सल आणि टायर तेच राहतात.

टप्पा २: चार कोपऱ्यांची उंची लिहून ठेवा

सपाट फरशीवर गाडी लावा, चारही टायरांत नेमकी हवा भरा. गाडी थोडी पुढे-मागे करून हँडब्रेक न ओढता थांबवा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसतं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजा, चारही बाजूंना. जमिनीपासून मोजू नका, कारण पुढे टायर बदलला की तो आकडा निकामी होतो.

डावं-उजवं सारखं नसेल तर घाबरू नका. ड्रायव्हर, टाकी, बॅटरी यांमुळे थोडा फरक असतो. पण एक कोपरा बराच खाली असेल तर आधी त्याचं कारण शोधा. बसलेल्या स्प्रिंगवर किंवा फाटलेल्या बुशवर (सांध्यातल्या रबरी नळीवर) किट चढवलं, की दोष किटच्या नावावर जातो.

याच दिवशी पार्किंगही मोजा. थार मुळातच साडेअठराशे मिमीच्या आसपास उंच आहे. त्यात ५० मिमी लिफ्ट, टायरचे काही मिमी, वर कॅरिअर. सोसायटीत दुमजली स्टॅक पार्किंग असेल तर वरच्या पॅलेटखालची जागा आधी बघा. गाडी तयार होऊन आल्यावर कमिटीसमोर उभं राहायला कुणालाच आवडत नाही. आणि घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर पायरीची उंची त्यांनाच चढायला लावून बघा.  पायऱ्यांवर अंदाज घेतला तरी चालेल.

टप्पा ३: गाडी नक्की कुठे घासते?

गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि ताजे ओरखडे शोधा. उपाय ओरखड्याच्या जागेवर ठरतो.

पुढच्या बंपरची खालची कड घासत असेल, तर लिफ्टने फायदा होईल. बंपर कापून किंवा बदलूनही होतो. मधलं पोट घासत असेल, तर लिफ्ट आणि टायर दोन्ही कामी येतात. पाच-दारी जिमनीचं हेच दुखणं आहे. तीन-दारीपेक्षा व्हीलबेस ३४० मिमीने लांब, म्हणून पोटाखालचा कोन २८ वरून २४ अंशांवर आला. थारला मात्र बऱ्याचदा बाहेरून लावलेला पाय ठेवायचा फूटस्टेपच आधी टेकतो. तो काढायला पंधरा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

आणि एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियलचं हाउसिंग घासत असेल? मग लिफ्ट किटचा काडीचा उपयोग नाही. जिमनीला पुढे-मागे आणि थारला मागे अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याने जोडलेली. त्याची जमिनीपासूनची उंची टायरवर ठरते. स्प्रिंग कितीही लांब घाला, एक्सल जमिनीपासून तितकाच राहतो आणि वरची बॉडी तेवढी उंच होते. एक्सल वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि तिथेही व्यासात जितकी वाढ त्याच्या निम्मीच उंची मिळते.

हिशेब सोपा आहे. टायरवरचा पहिला आकडा गुणिले दुसऱ्याची टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४.

थारचा २५५/६५ आर१८ येतो सुमारे ७८९ मिमी. त्याजागी २६५/७० आर१७ घातला तर ८०३. व्यासात १४ मिमी वाढले, एक्सलखाली ७. जिमनीचा १९५/८० आर१५ आहे ६९३ मिमीचा. २३५/७५ आर१५ घातला तर ७३३ च्या पुढे, म्हणजे एक्सलखाली २० मिमी. पण हा टायर जवळपास सहा टक्के मोठा आहे. स्पीडोमीटरवर ८० दिसतील तेव्हा गाडी आधीपेक्षा पाचेक किमी जास्त वेगात असेल, आणि घाटात जिथे तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा मागेल. टायर जड झाला की ब्रेकलाही जास्त काम.

टायर ठरल्यावरच लिफ्ट ठरते, हे त्यामुळेच. आधी ५० मिमी लिफ्ट घेऊन मग त्यात मावेल तेवढा टायर कोंबणारे पुढे आतलं प्लास्टिक लायनर कापत बसतात.

तपासणी: ओरखडे नसतील, फक्त "गाडी जरा भरदार दिसावी" एवढीच इच्छा असेल, तर तसं स्वतःशी कबूल करा. त्यात वाईट काही नाही. फक्त मग चांगले ऑल-टेरेन टायर घ्या आणि सस्पेन्शनला हात लावू नका.

टप्पा ४: कायदा आणि विमा, पैसे देण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "सगळेच लावतात हो" हे आरटीओच्या निरीक्षकासमोर उत्तर होत नाही.

विक्रेता "आरटीओ अप्रूव्हड" म्हणाला तर शांतपणे कागद मागा: कोणत्या मॉडेलला, कुणाची मान्यता, कोणत्या तारखेची. कागद नसेल तर ती जोखीम तुमची आहे असं धरून चाला. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी सर्व्हेअरच्या फोटोत बरोबर येतो. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शन, स्टीअरिंग, ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद नेणारा दांडा) यांचं काय होईल हे सर्व्हिस सेंटरला ईमेलवर विचारा, तोंडी नको.

टप्पा ५: आपल्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन ओळखा

*थार (२०२० पासूनची).* पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र. मागे अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंग. पुढे उंची वाढवली की लोअर आर्म, अप्पर आर्म आणि ड्राइव्हशाफ्ट खालच्या बाजूला जास्त तिरपे होतात. तिरपेपणाची मर्यादा सीव्ही जॉइंट (चाक वळतानाही शाफ्टची ताकद पोचवणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळीचा सांधा) ठरवतात. तुमची हौस तिथे चालत नाही.

इथे स्पेसरबद्दल बोलायलाच हवं, कारण सर्वात जास्त खपतं तेच. शॉकअपच्या डोक्यावर बसवायची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकती. स्वस्त, दोन-तीन तासांत काम. पण शॉकअप लोअर आर्मवर चाकापासून आत बसलेला असतो, म्हणून २५ मिमीचा स्पेसर घातला की चाकापाशी त्याहून जास्त उंची मिळते. अनेकांना हे माहीत नसतं, ते "दोन इंच हवेत" म्हणून ५० मिमीचाच स्पेसर मागतात. शिवाय शॉकअपची लांबी तीच राहून तो अख्खा खाली सरकतो. चाक हवेत लटकलं की आधीपेक्षा जास्त खाली जातं, आणि नेमकं तेव्हा सीव्ही जॉइंटवर सर्वात वाईट कोन येतो.

मी हे स्वतः करून बसलोय. पहिल्या खेपेला गॅरेजवाल्याने "काही होत नाही साहेब" म्हणून जाड स्पेसर घातले, मीही मान डोलावली. चार महिन्यांनी गाडी धुताना डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळपट चिकट पट्टे दिसले, गोल फिरत गेलेले. आधी वाटलं डांबर. बोटाने घासलं तर ग्रीस. सीव्हीच्या रबरी बुटाची एक घडी दुसरीवर घासून फाटली होती आणि ताम्हिणीतली लाल माती आत जाऊन बसली होती. पूर्ण स्टीअरिंग कापल्यावर येणारा "टक-टक" आवाज मी महिनाभर दगड अडकला असेल म्हणून सोडून दिला होता. बूट तर बदललाच, शाफ्टही बदलावा लागला.

म्हणून रोजच्या थारला पुढे ४० मिमीच्या आसपास थांबावं असं माझं मत आहे, आणि तेही पूर्ण शॉकअप-स्प्रिंग जोडी बदलून. त्यापुढे जायचं असेल तर बदललेला अप्पर आर्म आणि डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट लागतात. तिथे खर्च आणि डोकेदुखी दोन्ही वेगळ्या पातळीवर जातात.

*जिमनी.* पुढे-मागे अखंड एक्सल आणि कॉइल. सीव्हीच्या कोनाची चिंता इथे नाही, पण दुसऱ्या दोन आहेत: कॅस्टर आणि पॅनहार्ड रॉड. त्यांच्याकडे टप्पा ८ मध्ये येऊ.

*जुनी थार, जिप्सी.* जिप्सीला चारही बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जुन्या थारला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी). टॉर्शन बारचा बोल्ट पिळून "फुकट लिफ्ट" देणारे भेटतील. त्याने उंची येते आणि चाकाची खाली जायची जागा संपते. गाडी प्रत्येक खड्ड्यावर ठोकते. नको.

बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालणं, रोजच्या गाडीसाठी माझ्या यादीतच नाही.

टप्पा ६: स्प्रिंग

पाकिटावर "५० मिमी लिफ्ट" लिहिलेलं असतं, पण ते कोणत्या वजनाला ते बारीक अक्षरात. तीच स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली जास्त उंची देते, भरलेल्या गाडीखाली कमी.

समजा मागची स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिमीची आहे. मागच्या एक्सलवर कायमचे १०० किलो वाढवले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर ५० किलो, साधारण ४९० न्यूटन. स्प्रिंग सोळाएक मिमी दबेल. आता हे १०० किलो धरून बनवलेली स्प्रिंग तुमच्या रिकाम्या गाडीखाली घातली, तर मागचा भाग ठरल्यापेक्षा तितकाच वर राहणार, नाक खाली, आणि स्प्रिंग कडक असल्याने दणके वेगळे. एका मित्राने जिमनीला अशीच ऑस्ट्रेलियन हेवी स्प्रिंग घातली, कारण "टॉप मॉडेल" तेच होतं. पहिल्याच रविवारी त्याची आई मागच्या सीटवर बसून वाईला जाऊन आली. परतताना म्हणाली, "अरे, यापेक्षा एसटी बरी होती रे."

ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स यांसारखे ऑस्ट्रेलियन ब्रँड एकाच गाडीला वेगवेगळ्या वजनांच्या स्प्रिंगा देतात. ही त्यांची चांगली बाजू, पण निवड तुम्हालाच करावी लागते. टप्पा १ चा कागद इथे बाहेर काढा. पुढच्या एक्सलचं कायमचं जादा वजन आणि मागच्याचं, दोन्ही वेगवेगळी सांगून स्प्रिंगचा पार्ट नंबर मागा. पुढे बंपर-विंच आणि मागे काहीच नाही, असं असेल तर पुढे मध्यम आणि मागे हलकी, अशी सरमिसळ अगदी बरोबर आहे. "सेट फोडत नाही" म्हणणाऱ्या दुकानातून उठा.

इशारा: जिमनीची बरीच किटं तीन-दारीसाठी बनलेली आहेत. आपल्याकडची पाच-दारी लांब आणि जड आहे. "सेम टू सेम बसतं" हे बोल्टच्या बाबतीत खरं असेलही, पण मागच्या स्प्रिंगचं वजन-गणित पाच-दारीसाठी केलंय का, हा प्रश्न वेगळा. तो लेखी विचारा.

डावी-उजवी स्प्रिंग वेगळी असेल तर तिच्यावर खूण असते. ड्रायव्हरच्या बाजूची बहुधा किंचित उंच. किट डावीकडे स्टीअरिंग असणाऱ्या देशासाठीचं असेल तर ही अदलाबदल लक्षात ठेवा.

टप्पा ७: शॉकअप

स्प्रिंग गाडी उचलते, शॉकअप तिला शांत करतो. कडक स्प्रिंगवर मूळचा मऊ शॉकअप ठेवला की स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डुलते. म्हणून नुसत्या स्प्रिंगा बदलू नका, दोन्ही एकाच जोडीचे घ्या.

रोजच्या वापराला ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) नायट्रोजन शॉकअप पुरतो. मोनोट्यूब (एकाच नळीचा) सतत खडबडीत रस्त्यावर कमी तापतो, पण गावातल्या छोट्या खड्ड्यांत जरा टोचतो. बाहेर डबा लटकवलेले रिझर्व्हॉयरवाले दिसायला देखणे, पण ऑफिसच्या रस्त्यावर त्यांना काम नाही. क्लिक फिरवून कमी-जास्त करता येणारे घेणार असाल तर खुशाल घ्या. पहिले दोन आठवडे फिरवाल, मग विसराल.

रंगापेक्षा दोन लांब्या बघा: पूर्ण उघडल्यावर आणि पूर्ण मिटल्यावर. पूर्ण उघडलेल्या शॉकअपने चाकाला अशा जागी थांबवायला हवं, जिथे ब्रेक होज (ब्रेकची रबरी नळी) ताणलेला नाही आणि स्प्रिंग आपल्या वाटीतून सैल होऊन निसटत नाही. पूर्ण मिटायच्या आधी बंप स्टॉपचं रबर टेकायला हवं. लांब शॉकअप मिटूनही लांबच राहतो. बंप स्टॉप तेवढेच राहिले तर प्रत्येक मोठा दणका रबराऐवजी शॉकअपच्या तळावर बसतो आणि काही महिन्यांत तेल गळायला लागतं. किटमध्ये बंप स्टॉपचे वाढीव ठोकळे आहेत का, की विचारल्यावर "लागत नाही" असं उत्तर आलं, यावर मी विक्रेत्याची पारख करतो.

कोकणात राहणाऱ्यांनी किंवा दर महिन्याला किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी दांड्याचं क्रोम आणि खालचा कप बघून घ्यावा. खाऱ्या हवेने दांड्यावर बारीक टोचे पडले की सील कापलं जातं. सील आणि बुश सुटे मिळतात का, हेही आत्ताच विचारा.

टप्पा ८: बरोबरचे छोटे भाग

इथे लोक पैसे वाचवतात आणि इथेच फसतात. जिमनीपासून सुरुवात करू.

कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. हा झुकाव असल्यामुळे वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येतं. अखंड एक्सलच्या गाडीला उंच केलं की खालचे आर्म एक्सलला थोडं फिरवतात आणि झुकाव कमी होतो. लक्षण ओळखायला सोपं: वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून परतत नाही, एक्स्प्रेस-वेवर नव्वदला गाडी सारखी इकडेतिकडे बघते, ट्रक शेजारून गेला की हात घट्ट होतात. उपाय म्हणजे कॅस्टर दुरुस्त करणारे ऑफसेट बुश किंवा बदललेले आर्म. नुसता जाड स्टीअरिंग डॅम्पर लावून थरथर झाकू नका, आजार आत तसाच राहतो.

पॅनहार्ड रॉड एक्सलला आडवा धरून ठेवतो. गाडी वर गेली की रॉड तिरपा होतो आणि एक्सल एका बाजूला ओढला जातो. तपासायला गवंड्याचा ओळंबा घ्या. कमानीच्या कडेपासून दोरी खाली सोडा आणि दोरीपासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मग दुसऱ्या बाजूला तेच. पाचएक मिमीचा फरक चालून जातो. बोटभर असेल तर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावा.

थारसाठी: स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंक, अलाइनमेंटला पुरेसा वाव आहे का, आणि मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट. एका ठरावीक वेगाला, समजा साठ-पासष्टला, जमिनीतून घरघर जाणवायला लागली तर संशय शाफ्टच्या कोनावर घ्या.

दोन्ही गाड्यांना: ब्रेक होज, एबीएसच्या वायरी, एक्सलची हवा खेळवणारी ब्रीदर नळी. यांची लांबी चाक पूर्ण लटकलेलं आणि स्टीअरिंग पूर्ण कापलेलं असताना बघायची. जमिनीवर उभ्या गाडीत सगळंच सैल दिसतं.

पॉलियुरेथेनचे लाल-पिवळे बुश मोहक असतात. रोजच्या गाडीला रबरच बरं. पॉली टणक असतो, आणि ग्रीस कमी झालं की पावसाळ्यात जुन्या दारासारखा कुरकुरतो.

टप्पा ९: बसवताना समोर उभे राहा

घरी करायला जाऊ नका, निदान थारचं पुढचं तरी नाही. दाबलेली कॉइल सुटली तर हात जातो. पण गॅरेजमध्ये हजर राहा आणि हा क्रम बघा:

१. गाडी चासीखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), एक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

२. आधी मागचं काम पूर्ण, मग पुढचं.

३. स्टॅबिलायझरच्या लिंक आणि शॉकअप सोडल्यावर एक्सल हळूहळू खाली. एक माणूस ब्रेक होजवर डोळा ठेवून. एक्सलचं वजन होजवर एकदाही येता कामा नये.

४. नव्या स्प्रिंगचं शेपूट वाटीतल्या खाचेला टेकलेलं. एक बोट जरी सरकलं तरी उंची बिघडते आणि चालताना "टुंग" असा आवाज येतो.

५. सगळे बुशचे बोल्ट आधी नुसते हाताने लावलेले. शेवटची ताकद चाकं जमिनीवर आल्यावर.

हा पाचवा मुद्दा मी पुन्हा सांगतो, कारण दहातल्या आठ ठिकाणी चुकताना मी पाहिलाय. रबराचा बुश फिरत नाही, पिळला जातो. बोल्ट घट्ट झाला की आतली नळी जागेवर धरली जाते आणि तीच त्याची "शून्य" स्थिती होते. गाडी हवेत असताना घट्ट केला तर जमिनीवर उतरल्याबरोबर बुश कायमचा पिळलेला. गाडी काही मिमी जास्त उंच दिसते, मालक खूश होतो, आणि पहिल्या पावसाळ्यात रबर फाटतं. गाडी खाली उतरवा, बंपर दाबून चार-पाच वेळा डुलवा, मग टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. "अंदाजाने टाइट केलंय" हे सस्पेन्शनमध्ये चालत नाही. नायलॉनचं कडं असलेले नट पुन्हा वापरायचे नाहीत, नवे आणा.

तपासणी: गॅरेजच्या बाहेर पडण्याआधी एक पुढचं चाक रॅम्पवर किंवा उंच फुटपाथवर चढवा, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. टायर लायनरला किंवा आर्मला घासतोय का, होज ताणतोय का, बघा. मग चाक बदलून तेच. दहा मिनिटांचं काम.

टप्पा १०: अलाइनमेंट, दिवे आणि पहिले ५०० किमी

अलाइनमेंटच्या दुकानात कॅस्टर मोजून छापील कागद द्या, असं आधीच सांगा. त्यासाठी चाकं दोन्ही बाजूंना ठरावीक अंशात वळवावी लागतात. घाई असली की हा भाग वगळून नुसता टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) लावून देतात. जिमनीत नेहमीच्या दुकानात जमण्यासारखा फक्त टो असतो. कॅस्टरचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर बुशकडे परत जायचं.

स्टीअरिंग वाकडं राहिलं तर चाक उपटून सरळ बसवणाऱ्याला थांबवा. रॉडच्या लांबीवरूनच ते सरळ करायचं असतं. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) अँगल सेन्सर स्टीअरिंगच्या स्थितीवर चालतो. तो चुकला की ओल्या वळणावर गाडी नको तिथे ब्रेक मारते. दिवा लागला असेल तर स्कॅनरवर सेन्सरची शून्य स्थिती पुन्हा द्यावी.

हेडलाइट खाली घ्यायचे. समोरच्याचे डोळे दिपवत फिरणाऱ्या उंच गाड्या रस्त्यावर काय कमी आहेत!

पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून जास्त अंतर, वळणांवर कमी वेग. गुरुत्वमध्य वर गेलाय आणि तुमच्या हाताला ते अजून माहीत नाही. वेगात अचानक लेन बदलताना फरक सर्वात जास्त कळतो, आणि तो अनुभव भरधाव टेम्पो चुकवताना घेण्याची गरज नाही. रिकाम्या रस्त्यावर चाळीसला घेऊन बघा.

५०० किमीनंतर परत गॅरेजमध्ये. सगळे बोल्ट टॉर्कवर पुन्हा, शॉकअपला तेलाचा ओलावा आहे का, सीव्हीचे बूट बाहेरून कोरडे आहेत का, टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून करवतीसारखे दाते लागतात का. अलाइनमेंट पुन्हा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून पहिल्या दिवशीचा कागद आता जुना झाला.

मग टेप काढा आणि टप्पा २ सारखीच चारही कोपऱ्यांची उंची मोजा, त्याच फरशीवर, तेवढीच हवा भरून. जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. आधी नसलेला दहा मिमीहून जास्त फरक डाव्या-उजव्यात दिसला, तर त्या कोपऱ्यातली स्प्रिंग वाटीत नीट बसलीय का ते बघा, मग दोन्ही स्प्रिंगांवरच्या खुणा. माझ्या जिमनीवाल्या मित्राच्या दोन्ही स्प्रिंगा उलट-सुलट बसल्या होत्या.

हा कागद ग्लव्हबॉक्समध्येच ठेवा. वर्षाने पुन्हा मोजायला लागतो.